पाटण्याचे सूप आणि दउरा : वर्षभराच्या वापरानंतर

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या दुसऱ्याच दिवशी मी पाटण्यात रस्त्याच्या कडेला बसलेल्या, डोम जातीच्या एका कुटुंबाकडून बांबूची दोन सुपे आणि एक दउरा, म्हणजे मोठी टोपली, विकत घेतली. सूप १२० रुपयांना एक आणि दउरा ३५० रुपयांना पडला. त्या विक्रेत्यांना दुकान नाही, पाटी नाही आणि वस्तूवर चिकटवलेली चिठ्ठीही नाही. छठचा, म्हणजे सूर्याला अर्घ्य देण्याचा, सण चार दिवसांवर आला की पाटण्याच्या रस्त्यांवर अशा सुपांच्या राशी लागतात आणि सण उलटला की त्या जागा पुन्हा मोकळ्या होतात. त्यामुळे हे परीक्षण वस्तूचे आहे, आणि वस्तूबद्दल लिहायचे तर ती करणाऱ्यांबद्दल लिहिल्यावाचून गत्यंतर नाही, कारण या सुपाची किंमत, त्याची वीण आणि त्याच्याभोवतीचे सोवळे या तिन्ही गोष्टी त्यांच्या इतिहासातून आल्या आहेत.

मी मूळची चिपळूणची. आमच्याकडे गौरीला ओवसा असतो, म्हणजे लग्नानंतरच्या पहिल्या गौरीला नवी सून फळे, पाने आणि सौभाग्याचे सामान भरलेली नवी सुपे गौरीपुढे ओवाळते. ती सुपे बुरुडाकडून आधी सांगून करवून घ्यावी लागतात. यजमानांच्या बदलीमुळे तीन वर्षांपूर्वी पाटण्यास आले तेव्हा हाताशी असावे म्हणून एका संकेतस्थळावरून ‘हस्तकलेचे बांबूचे सूप’ मागवले होते. ते दिसायला गुळगुळीत होते, पण त्याचा काठ गोंदाने चिकटवलेला निघाला आणि पहिल्या पावसाळ्यातच त्या काठाखाली बुरशीची काळी रेघ उमटली. तेवढ्या पैशांत रस्त्यावरची पाच सुपे आली असती, हे नंतर कळले.

आता या सुपाविषयी. लांबी सुमारे दीड फूट, मागचा काठ वळवून उभा केलेला, दोन्ही बाजू पुढे येता येता उतरत गेलेल्या आणि पुढची कड अगदी सपाट. पाखडताना धान्य वर उडून मागे परत यावे आणि फोलपट मात्र पुढून निसटून जावे, यासाठी हा उतार नेमका लागतो. तो चुकला की धान्यही फोलपटाबरोबर अंगणात जाते. बांबूच्या पाठीकडच्या, म्हणजे हिरव्या सालीकडच्या कामट्या चिवट असतात आणि पोटाकडचा गर ठिसूळ असतो. या सुपाची वीण जवळजवळ सर्व पाठीच्या कामट्यांची आहे, म्हणून वर्षभरात ती कुठेही सैल पडलेली नाही. वीण इतकी घट्ट आहे की नाचणीसारखे बारीक धान्यसुद्धा तिच्यातून गळत नाही. काठावर दुहेरी कांब घालून ती बांबूच्याच सालीने जागोजाग आवळली आहे. खिळा, तार किंवा गोंद यांपैकी काहीही वापरलेले नाही.

आपल्याकडे सुपाने करायच्या प्रत्येक कामाला वेगळे क्रियापद आहे. पाखडणे वेगळे, घोळणे वेगळे आणि आसडणे वेगळे. मी तिन्ही करून पाहिली. पाखडताना हे सूप उत्तम चालते. घोळताना, म्हणजे खडा एका बाजूला आणि तांदूळ दुसऱ्या बाजूला जमवताना, तळाचा पुरेसा सपाटपणा जाणवतो. आसडताना, म्हणजे सुपाला हिसके देताना, मात्र ते कोकणातल्या सुपापेक्षा थोडे जड वाटते, कारण काठाची कांब जाड ठेवली आहे. ही जाडी चुकून आलेली नाही. छठच्या अर्घ्याला या सुपात नारळ, केळी, ऊस, मोठे लिंबू, हळदीचे गड्डे आणि ठेकुआ (गव्हाच्या पिठाचा तळलेला गोड पदार्थ) एवढे सर्व भरून व्रतस्थ बाई ते दोन्ही हातांनी धरून कमरेएवढ्या पाण्यात उभी राहते, आणि त्या वजनाखाली सूप वाकता कामा नये. विणणारा हात रोजच्या पाखडण्यापेक्षा या एका संध्याकाळचा आणि दुसऱ्या दिवशीच्या पहाटेचा विचार अधिक करतो.

दउरा म्हणजे खोलगट, रुंद तोंडाची मोठी टोपली. छठला सर्व नैवेद्य आणि सुपे यातच भरून घरातला पुरुष तो डोक्यावरून घाटापर्यंत नेतो. भोजपुरी घरांत नवी सून उंबरठा ओलांडून आत येते ती दउऱ्यात पावले टाकत येते. एक दउरा पुढे, एक मागे, असे ते सरकवत नेतात. माझ्या दउऱ्यात सध्या कांदे-बटाटे आहेत, आणि वीस किलोपर्यंतचे वजन तो कुरकुर न करता पेलतो.

दोष सांगितलेच पाहिजेत. कामट्यांच्या टोकांवर पुरेसा हात फिरवलेला नसल्यामुळे पहिल्या आठवड्यात दोनदा बोटात कूस गेली. वापरण्यापूर्वी जाड फडक्याने किंवा पॉलिश-कागदाने आतली बाजू घासून घ्यावी हे उत्तम. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. सणाच्या गर्दीत कोवळा किंवा ओला बांबूही खपवला जातो, आणि अशा बांबूला पावसाळ्यात कीड लागून काठातून पिवळी पिठी गळू लागते. माझ्या दोन सुपांपैकी एकाला भाद्रपदात अशी पिठी पडली; तीन दिवस कडक उन्हात ठेवल्यावर ती थांबली. घेताना सूप कानाशी धरून टिचकी मारावी. सुकलेला बांबू खणखणतो आणि ओला बद्द वाजतो, हे विकणाऱ्या चाचींनीच मला शिकवले, आणि ते शिकवताना स्वतःच्याच राशीतली दोन सुपे बाजूला काढून ठेवली.

याच चाचींकडून सुपे घ्यावीत असे शेजारणीने सुचवले होते. घरी आणल्यावर तिनेच सांगितले की, आधी गंगाजल शिंपडा आणि मग आत घ्या. पितळी सूप चालेल का असे विचारल्यावर ती म्हणाली की चालते, पण खरे ते डोमाच्या हातचे बांबूचे. या दोन वाक्यांमध्ये तिला काहीही विसंगत वाटले नाही. छठला पुरोहित लागत नाही, मंत्र लागत नाही, पण डोमाच्या हातचे नवे सूप लागते. आणि ज्याच्या हातचे ते लागते त्याच्या जातीचे नाव याच गावात शिवी म्हणूनही उच्चारले जाते.

डोम कोण, असे विचारले तर पाटण्यात आणि काशीत एकच उत्तर मिळते : स्मशानात अग्नी देणारे. ते खोटे नाही. काशीच्या मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र घाटांवर चितेचा अग्नी डोमांकडूनच घ्यावा लागतो, कुटुंबांच्या पाळ्या ठरलेल्या असतात, आणि तिथल्या डोमराजांपैकी जगदीश चौधरी यांना २०२१ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. मराठी माणसाला तर हे लहानपणापासून ठाऊक असते, कारण सत्त्वासाठी डोंबाघरी राबणाऱ्या हरिश्चंद्राची आणि तारामतीची गोष्ट आपल्या कीर्तनांत आहे आणि फाळक्यांनी १९१३ मध्ये पडद्यावर आणलेली कथाही याच राजाची आहे. पण हे उत्तर अर्धे आहे, आणि उरलेले अर्धे या सुपात आहे.

चर्यापदे नावाची बौद्ध सिद्धांची जुनी गीते आहेत. साधारण आठव्या ते बाराव्या शतकांतली. हरप्रसाद शास्त्री यांना १९०७ मध्ये नेपाळच्या राजदरबारातील ग्रंथालयात त्यांचे हस्तलिखित सापडले. त्यांत कान्हपा या सिद्धांच्या पदांत एक डोंबी, म्हणजे डोम बाई, येते. तिची झोपडी नगराबाहेर आहे, ब्राह्मणपुत्र तिला चोरून स्पर्श करून जातो, आणि ती टोपल्या विकते. त्या डोंबीचा आध्यात्मिक अर्थ टीकाकारांनी पुष्कळ उलगडला आहे, परंतु रूपक समजायला आधी वस्तुस्थिती डोळ्यांसमोर असावी लागते : किमान आठशे वर्षांपूर्वी पूर्व भारतात नगराबाहेर राहून टोपल्या विकणारी डोम बाई हे ऐकणाऱ्याला सहज ओळखू यावे असे दृश्य होते. हेच कान्हपा नाथपरंपरेत कानिफनाथांशी जोडले जातात, ज्यांच्या मढीच्या यात्रेला महाराष्ट्रातल्या भटक्या जमाती आजही एकत्र येतात. पाटण्याच्या रस्त्यावर गुडघ्यावर सूप टेकवून काठ आवळत बसलेल्या चाचींना पाहताना मला मढीची आठवण आली ती या ओळखीच्या धाग्यामुळे.

त्याच काळातल्या दुसऱ्या नोंदी गाण्याबजावण्याच्या आहेत. अल् बेरूनी या परदेशी विद्वानाने इसवी सन १०३० च्या सुमारास भारताविषयी लिहिताना वर्णांबाहेरच्या लोकांत डोमांचा उल्लेख केला आहे आणि ते वीणेसारखे तंतुवाद्य वाजवतात व गातात असे म्हटले आहे. कल्हणाच्या राजतरंगिणी या इतिहासकाव्यात दहाव्या शतकातला काश्मीरचा राजा चक्रवर्मा डोंब गायकाच्या दोन मुलींवर, हंसी आणि नागलता यांच्यावर, भाळतो आणि हंसीला पट्टराणी करतो. कल्हणाला ही गोष्ट अर्थातच आवडलेली नाही. पाकिस्तानातील हुंझा खोऱ्यात लोहारकाम आणि वादन करणारा डोम समाज आजही आहे आणि त्यांची डोमाकी ही भाषा आता मोजक्या माणसांपुरती उरली आहे. म्हणजे गाणे, लोखंड, बांबू आणि अग्नी हे चार धंदे या एका नावाखाली वेगवेगळ्या प्रदेशांत आढळतात. त्यांतला शेवटचा तेवढा लोकांच्या लक्षात राहिला.

संस्कृतात ‘डोम्ब’ हा शब्द आहे. हिंदीने त्यातला म् आणि ब् यांचा जोड सोडून ‘डोम’ केले. मराठीने ‘डोंब’ जपले आणि दोरीवर चालणाऱ्यांसाठी ‘डोंबारी’ही घडवला. हाच शब्द पश्चिमेकडे गेला तेव्हा ‘ड’चे उच्चार बदलत गेले. युरोपात तो ‘रोम’ झाला, आर्मेनियात ‘लोम’ झाला, आणि सीरिया, जॉर्डन, पॅलेस्टाइन, तुर्कस्तान या प्रदेशांत ‘डोम’च राहिला. तिथल्या डोम लोकांची डोमारी ही भाषा आपल्याच इंडो-आर्य कुळातली आहे. तिच्यात पाण्याला ‘पानी’ आणि दहाला ‘देस’ म्हणतात. जेरुसलेमच्या जुन्या नगरात सिंहद्वाराजवळच्या बाब हुत्ता वस्तीत डोम कुटुंबे राहतात, पण १९९० नंतर यारोन मात्रास या भाषाशास्त्रज्ञांनी त्यांच्या भाषेचा सविस्तर अभ्यास केला तेव्हाच ती प्रामुख्याने वृद्धांच्या तोंडी उरली होती. अरब शेजारी त्यांना ‘नवर’ म्हणतात, आणि तो शब्दही बिहारमधल्या शब्दासारखाच शिवी म्हणून वापरला जातो.

हे लोक तिकडे कसे गेले याची एक सुरस कथा फिर्दौसी या फारसी कवीने शाहनामा या महाकाव्यात सांगितली आहे. इराणच्या बहराम गूर राजाने गरिबांच्या करमणुकीसाठी हिंदुस्थानच्या राजाकडून लुरी म्हणवले जाणारे दहा हजार गायक-वादक मागवले, त्यांना शेतीसाठी बैल आणि गहू दिले, त्यांनी ते खाऊन टाकले आणि वर्षाने हात हलवत परत आले, तेव्हा राजाने त्यांना भटकत राहण्याची आज्ञा केली. भटक्यांच्या दारिद्र्याचा दोष भटक्यांच्याच माथी मारणाऱ्या कथा कुठल्या देशात नाहीत? इतिहास म्हणून या कथेवर भिस्त ठेवता येत नाही. ती फिर्दौसीने बहराम गूरच्या काळानंतर पाचशेहून अधिक वर्षांनी लिहिली आहे. नाव एक असले म्हणून पाटण्याचे डोम आणि जेरुसलेमचे डोम एकाच कुटुंबाच्या दोन शाखा ठरत नाहीत, हेही लक्षात ठेवले पाहिजे. डोमारी बोलणाऱ्यांचे पूर्वज भारतातून निघाले एवढे भाषा निश्चितपणे सांगते.

तरीही एक तपशील माझ्या मनातून जात नाही. आर्मेनिया आणि पूर्व तुर्कस्तानातील लोम, ज्यांना शेजारी ‘बोशा’ म्हणतात, त्यांचा पारंपरिक धंदा चाळण्या करण्याचा आहे. तुर्की भाषेत अशा भटक्या समूहांना ‘एलेकची’ म्हणजे चाळणीवाले असेही नाव आहे. बांबू नसलेल्या मुलखात घोड्याचे केस आणि कातडे वापरून चाळणी केली जाते; बांबूच्या मुलखात कामट्यांचे सूप केले जाते. धान्य पिकवणारा जमिनीचा मालक असतो आणि त्याचे धान्य निवडण्याचे साधन मात्र जमीन नसलेला करून देतो, हा व्यवहार दोन्हीकडे सारखाच आहे.

बिहारमध्ये बांबूचे काम करणाऱ्या शाखेला बांसफोड म्हणतात, म्हणजे बांबू फोडणारे. त्यांची स्वतःची बांबूची बेटे नसतात; बांबू शेतकऱ्याकडून किंवा व्यापाऱ्याकडून रोखीने घ्यावा लागतो. चाचींच्या सांगण्याप्रमाणे एका बऱ्या बांबूतून चार ते पाच सुपे निघतात, घरातले पुरुष बांबू फोडून देतात आणि कामट्या सोलून विणण्याचे काम बायका करतात. एका सुपाला सोलण्यापासून काठ आवळण्यापर्यंत जवळजवळ अर्धा दिवस जातो. १२० रुपयांतून बांबूचे पैसे वजा केले तर हाती काय उरते याचा हिशेब कुणीही करू शकेल, आणि तरी माझ्यासमोर एक गृहस्थ शंभरला दोन मागत होते. छठच्या सामानावर घासाघीस करू नये असा इथे संकेत आहे. तो सुपाला लागू होत नाही असे दिसते.

भटकणाऱ्या कारागिरांकडे संशयाने पाहण्याची रीत कायद्यानेही चालवली. बिहारमधील मगहिया डोमांना ब्रिटिश सरकारने १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली आणले. हजेरी आणि पाळत त्यांच्या वाट्याला आली. महाराष्ट्रात हाच कायदा टोपल्या विणणाऱ्या कैकाड्यांना लागला आणि सोलापूरच्या तारेच्या कुंपणातली सेटलमेंट, म्हणजे पहाऱ्यातली वसाहत, त्यातूनच उभी राहिली. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. तुरकाठ्यांच्या पाट्या विणणारे कैकाडी आणि बांबूची सुपे विणणारे मगहिया यांची गाठ कधी पडली नसेल, पण सरकारी दप्तरात त्यांची पाने एकाच बाडात होती.

ज्यांना हे सूप घ्यायचे असेल त्यांच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. सणाच्या आदल्या तीन दिवसांत घेऊ नये. भाव दुप्पट होतो आणि माल घाईचा असतो. दसऱ्यानंतर लगेच सांगून ठेवले तर हव्या त्या मापाचे आणि सुकलेल्या बांबूचे मिळते. मुंबईत जुहूच्या किनाऱ्यावर छठ होतो त्या सुमारास अशी सुपे तिथेही विकायला येतात, मात्र ती प्रवासात दाबली जाऊन पुढची कड वाकलेली असण्याचा संभव असतो, म्हणून ती सपाट फरशीवर ठेवून पाहावी. घरी आणल्यावर ओले ठेवू नये, आणि जमल्यास चुलीच्या धुरावर टांगावे. धुरकटलेल्या बांबूला सहसा कीड लागत नाही. रोज पाखडण्यासाठी हलके सूप हवे असेल तर आपल्या गावच्या बुरुडाकडचेच घ्यावे, कारण आसडण्यात ते सरस आहे. वजन पेलणारे, दहा वर्षे टिकावे अशा बेताचे सूप हवे असेल तर पाटण्याच्या या सुपाला मी पाचपैकी साडेचार गुण देईन. अर्धा गुण कुसांचा कापला आहे. दउऱ्याला पूर्ण पाच.

यंदा भाद्रपदात जावेच्या सुनेचा पहिला ओवसा होता. चिपळूणच्या बुरुडआळीत वेळेवर सुपे मिळण्याची शाश्वती नव्हती, म्हणून चाचींना आषाढातच सांगून पाच सुपे करवून घेतली आणि ती एकात एक घालून, जुन्या धोतरात गुंडाळून रेल्वेने नेली. सासूबाईंनी त्यांतले एक हातात घेतले, मूठभर तांदूळ टाकून दोनदा पाखडले आणि पुढची कड अंगठ्याने चाचपून पाहिली. “उतार बरोबर आहे,” त्या म्हणाल्या, “पण काठाला कांब एवढी जाड कशाला घातली?” मी अर्घ्याचे, पाण्यात उभे राहण्याचे आणि नारळाच्या वजनाचे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, भिजवलेली मेथी आणि जुन्या कागदांचा लगदा पाट्यावर वाटायला घेतला, आणि संध्याकाळपर्यंत पाचही सुपे सारवून पडवीत वाळत ठेवली.